बिनदुधाची खीर

"एवढा मोठा डंपर चालवते अन् चमचाभर दुधाले भेते," असं आमच्या माजरीच्या खाणकामगार वसाहतीत लोक राजदीपला चिडवायचे. तोही हसायचा. ज्यांनी हर्षाला त्या दिवशी पाहिलं नव्हतं, त्यांना तो काय सांगणार?

मी पाहिलं होतं. राजदीपचं क्वार्टर आणि आमचं, मध्ये एक भिंत. माझा नवरा अजय वर्कशॉपमध्ये आहे, राजदीप कोळशाच्या खाणीत डंपरवर. त्याची बायको साक्षी सरकारी नर्स. हर्षा त्यांची एकुलती एक. ती अजून रांगतही नव्हती तेव्हा राजदीपची आई अंजनाबाई गावाहून नातीला पाहायला आली, आणि तिनं मायेनं तिला गाईच्या दुधात कुस्करलेली पोळी भरवली. थोड्या वेळानं साक्षीची किंकाळी ऐकून मी धावत गेले. लेकराचे डोळे सुजून मिटले होते, ओठ बाहेर आले होते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. चंद्रपूरला नेईपर्यंत साक्षी तिच्या तोंडाशी कान लावून बसली होती.

डॉक्टर म्हणाले, दूध बंद. दही, ताक, लोणी, तूप, दुकानातली बिस्किटं, सगळं बंद. मोठी झाली की बरेचदा हे आपोआप जातं, असंही म्हणाले. त्या 'बरेचदा'वर नवरा-बायको कितीतरी वर्षं लटकून राहिले. हर्षा शाळेत जायला लागली, पुन्हा तपासणी झाली. गेलेलं नव्हतं. अंजनाबाई अजूनही येते, नातीला मांडीवर घेते, पण तिच्या ताटाला हात लावत नाही. जेवायची वेळ झाली की उठून बाहेर जाऊन बसते.

मग साक्षीची बदली लांब, जंगलातल्या मुलचेऱ्याकडच्या एका गावात झाली. शनिवारी संध्याकाळी ती येते, रविवारी जेवण झालं की निघते. चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आणि तिथून पुढे जे मिळेल ते. हर्षाचा डबा, वेणी-फणी, अभ्यास सगळं राजदीपकडे आलं. तो ड्युटीवर गेला की पोरगी माझ्याकडे. मुळात तो स्वयंपाकातला माणूस नव्हे. पहिले काही दिवस भाजीत मीठ आहे का हे विचारायला तो कढई घेऊनच आमच्या दारात यायचा.

खिरीचं प्रकरण सुरू झालं बुद्धपौर्णिमेला. विहारात वंदना झाली की खीर वाटतात. मोठ्या गंजात म्हणजे पातेल्यात केलेली, तांदळाची, चारोळी घातलेली, घट्ट. त्या वर्षी हर्षा पांढरा फ्रॉक घालून मैत्रिणींबरोबर पंगतीत बसली होती. वाढणारी बाई नवीन, तिला काय माहीत? तिनं सगळ्यांच्या द्रोणात टाकली तशी हर्षाच्याही द्रोणात टाकली. पोरीनं द्रोण तोंडाकडे नेला आणि राजदीप पंगत ओलांडून असा झेपावला, की द्रोण उडाला आणि खीर तिच्या फ्रॉकवर, शेजारच्या पोरीच्या केसांत. हर्षा तिथं रडली नाही. घरी आल्यावर नळाखाली तो तिचे हात धूत होता, तेव्हा तिनं विचारलं.

"सगळ्यायले देते बाबा. मलेच काऊन नाई?"

"तुले बाधते, बेटा."

"मंग मले बाधत नाई अशी काऊन नाई करत तू?"

राजदीप तिचे धुतलेले हात पुन्हा धूत राहिला. मी दारातच उभी होते.

त्यानं मोबाइलवर शोधलं. बिनदुधाच्या खाण्याला 'व्हीगन' म्हणतात आणि शहरातले लोक ते हौसेनं खातात, हे त्याला तेव्हाच कळलं. तिथं जो तो एकच सांगत होता, नारळाचं दूध घ्या. आमच्या भागात खोबरं भाजून, वाटून रश्शात जातं. तिथं ते ओळखूही येत नाही. पण ओल्या नारळाचं दूध काढून त्यात गोड शिजवणं आमच्या चुलीला ठाऊक नाही. देवाला फोडलेला नारळ आमच्या घरी तरी येतो. राजदीपच्या घरी तोही नाही. ते बौद्ध, नारळ फोडणं त्यांच्यात नाही. त्या घरात खोबऱ्याचा वास फक्त एका बाटलीला होता, वेणीला लावायच्या तेलाच्या.

पहिली खीर दिसायला सुरेख झाली. पांढरीशुभ्र, दाट. हर्षानं वाटी नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली.

"बाबा, हे डोक्शाले लावाचं तेल आहे."

"तेल नाई वं. नारळाचं दूध आहे. खाऊन तं पाह्य."

बापासाठी तिनं एक चमचा तोंडात घेतला. गिळवेना, थुंकवेना. शेवटी मोरीकडे पळाली. राजदीपनं स्वतः चाखली आणि मग वाटी माझ्याकडे आणली.

"वहिनी, खरं सांगा."

"भाऊ, दिसते मस्त," मी म्हटलं, "पण घास घेतला का वेणी तोंडात आल्यावानी वाटते."

तो हसला नाही. पुढच्या रविवारी त्यानं दुप्पट विलायची घातली. हर्षा म्हणाली, आता विलायचीचं तेल झालं. मग जायफळ, मग सुंठ. सुंठीनं पोरीची जीभ पोळली आणि तेलाचा वास तसाच मागे उभा. त्यानं नारळ सोडून सोयाबीनचं दूध काढून पाहिलं. कच्च्या शेंगेच्या वासानं आमच्या घरापर्यंत नाक धरायची वेळ आली. भुईमुगाच्या दाण्यांचं केलं, तर ते पिठल्यासारखं लागलं. तांदळाचंच दूध काढून केली तर ती पेज झाली. "हे तं आजारी माणसाचं आहे," हर्षा म्हणाली. आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या पाळीवरून आल्यावर माणूस आडवा पडेल की नाही? हा सकाळी उठून नारळ किसत बसायचा. खाणीतले सोबती म्हणायचे, "अरे, मोसंबी दे, केळं दे, खीरच पाहिजे असं कुठी लिहून हाये?" तेही बरोबरच होतं. पण पोरीनं मोसंबी मागितली नव्हती.

उपाय सापडला तो साक्षीकडून. तिच्या आरोग्य केंद्राभोवती फार पूर्वी निर्वासित म्हणून आलेल्या बंगाली लोकांची गावं आहेत. त्यांच्याकडे नारळाशिवाय सण नाही. एका म्हाताऱ्या बंगाली बाईची ड्रेसिंग करताना साक्षीनं सहज विचारलं, नारळाचा वास कसा घालवायचा? बाई चकित झाली. म्हणाली, आम्ही तर तो यावा म्हणून करतो! पण मग विचार करून तिनं सांगितलं. पहिल्यांदा पिळलेलं दाट दूध घेऊ नकोस, सगळा वास त्यातच. दुसऱ्यांदा पिळलेलं पातळ घे. ते थंड जागी ठेव आणि वर आलेली साय काढून टाक. आणि नारळाचं दूध फार वेळ उकळू नकोस. तेल सुटलं की वास आलाच. सगळं शिजल्यावर शेवटी घाल आणि उतरव.

साक्षीनं हे फोनवर सांगितलं, राजदीपनं तसं केलं. वास अर्ध्यावर आला. पण साय काढलेलं दूध पाण्यासारखं. खिरीला अंगच राहिलं नाही. मग अंग यावं म्हणून त्यानं काजू भिजवून गंधासारखे वाटले आणि त्यात घातले. साक्षीनं तिकडून सुवासिक चिनोर तांदूळ आणला होता, तो कोरडाच खमंग भाजला. साखरेऐवजी गूळ, चिमूटभर मीठ. माझ्याकडे वाटी आली तेव्हा मी दोनदा चाखली. नारळ कुठेतरी होता, पण सांगितल्याशिवाय कळला नसता.

हर्षानं वाटी पूर्ण संपवली. बोटानं पुसून खाल्ली.

"अजून आहे?" तिनं विचारलं.

राजदीपनं तिला अजून वाढली आणि साक्षीला फोन लावला. रेंज नव्हती. त्यानं अंगणात जाऊन लावला, रस्त्यावर जाऊन लावला. शेवटी लागला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "खाल्ली तिनं." तिकडून साक्षी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

त्या आठवड्यात त्यानं पुन्हा खीर केली. त्याची दुसरी पाळी होती. दुपारी खाणीची गाडी यायच्या आधी त्यानं हर्षाला स्वतःच्या हातानं वाटीभर भरवली, तिचं तोंड पुसलं आणि तिला माझ्याकडे सोडून गेला.

मी शिलाई मशीनवर बसले होते. हर्षा खाली चित्र काढत होती. ती मान खाजवते आहे हे मला दिसलं. उन्हाळ्याचे दिवस, वाटलं घामोळं असेल. मग ती खोकली. वर पाहिलं तर तिच्या गालांवर गांधी उठल्या होत्या आणि खालचा ओठ एका बाजूनं फुगत चालला होता.

"काकू," ती म्हणाली, "मले श्वास येत नाई."

घरात ठेवलेलं औषध मी तिच्या तोंडात घातलं, तर ते उलटीबरोबर बाहेर आलं. नशिबानं अजय घरी होता. त्यानं मोटारसायकल काढली, मी पोरीला मध्ये धरून मागे बसले. वाटेत कोळशाच्या ट्रकांची रांग. अजय कडेच्या मातीतून गाडी काढत होता आणि मी तिच्या कानात काहीतरी बडबडत होते. माझ्या छातीला तिच्या पाठीतली शिट्टी लागत होती.

दवाखान्यात तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. हळूहळू तिचा रंग परत आला. तेव्हा मला आठवलं की तिच्या आईबापांना काहीच माहीत नाही. राजदीप खाली खाणीत होता; डंपरवर असताना फोन जवळ ठेवता येत नाही. अजयनं ऑफिसात निरोप दिला, पण तो खाली पोहोचायला, त्याच्या जागी माणूस मिळायला, त्याला वर यायला वेळ लागणारच. साक्षीला फोन लागला तेव्हा ती लसीकरणाला बसली होती. मागून कुणाचं तरी मूल रडत होतं.

"इंजेक्शन मांडीत देल्लं ना वहिनी? मांडीतच ना?" ती दोन-तीनदा तेच विचारत राहिली. मग म्हणाली, "हे इंजेक्शन माह्यापाशी आहे. लस कोणाले बाधली तं म्हणून आम्ही ठेवतो. आत्ता, ह्या टेबलावर आहे."

तिनं फोन ठेवला. समोर बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. उरलेल्या लेकरांना लस टोचून मगच ती निघाली. कुणाच्या तरी मोटारसायकलवर आष्टीपर्यंत आली, तिथून बस. ती पोहोचली तेव्हा हर्षा झोपली होती आणि राजदीप कोळशाच्या धुळीनं माखलेल्या कपड्यांत पलंगाशी उभा होता. हात काळे, म्हणून तो पोरीला शिवत नव्हता. नळ बाहेरच होता. हात धुऊन यावं हे त्याला सुचलंच नव्हतं.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. काजू. दुधासारखाच काजूही तिला चालत नव्हता. काजू बंद म्हणजे पिस्ताही बंद, आणि चारोळीही त्याच कुळातली, तेव्हा तीही नको. भुईमूग सध्या थांबवा, पुढे बघू.

"अन् खोबरं?" राजदीपनं विचारलं.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "खोबऱ्याला काही नाही. खोबरं खुशाल द्या."

हे मला साक्षीनं नंतर सांगितलं. म्हणाली, "वहिनी, ते ऐकून हे हासले. पार येड्यावानी. डॉक्टर पाह्यतच राह्यले."

पण राजदीप खरा मोडला तो घरी आल्यावर; तेही साक्षीनंच सांगितलं. हर्षा खाटेवर बसली होती, साक्षी तिचे केस विंचरत होती. राजदीपनं तिला जवळ घेऊन विचारलं, "पहिल्या खेपेला खाल्ली तेव्हा तं काहीच झालं नव्हतं ना?"

हर्षा चादरीचा सुटलेला दोरा ओढत राहिली.

"सांग नं बेटा."

"जीभ खाजवत होती," ती म्हणाली. "थोडकीच."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू खुश होता."

साक्षीचा कंगवा केसांत तसाच थांबला. राजदीप उठून मागच्या अंगणात गेला. मी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते. तो पायरीवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होता.

नंतर त्यानं पोरीला समोर बसवून शपथ घातली. खाताना काही वाटलं, खाजवलं, टोचलं, आवडलं नाही, तरी खरंच सांगायचं. बाबा रागावणार नाही, बाबाला वाईट वाटणार नाही. हर्षानं मान डोलावली. पण मला वाटतं, त्या दिवसापासून राजदीपला तिच्या मान डोलावण्याचा भरवसा उरला नाही. ती जेवताना तो तिच्या ताटाकडे पाहतच नसे. ओठ पाही, मान पाही, कानामागे पाही. पोरगी जेवायची आणि हा उपाशी बसल्यासारखा तिच्याकडे बघत राहायचा.

साक्षीनं बदलीचा अर्ज दिला आहे. साहेबांनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं. म्हणाले, तिकडे जायला कुणी तयार नाही, तुम्ही निघालात तर त्या गावांचं काय? साक्षीला ते खोटं ठरवता आलं नाही. त्या गावांतली लेकरंही तिनं पाहिली आहेत.

पुन्हा बुद्धपौर्णिमा आली. विहाराच्या बैठकीत राजदीपनं विचारून पाहिलं, यंदा सगळ्यांचीच खीर बिनदुधाची करता येईल का? पंगतीत पोरीचं वेगळं नको दिसायला. गुणवंतराव विहाराचं सगळं पाहतात, भला माणूस. ते म्हणाले, "राजदीप, तुह्यासाठी मी काहीबी करीन बापा. पण सुजातेनं बुद्धाले दुधाचीच खीर देल्ली होती. अन् नारळाची केली तं म्हाताऱ्या बाया तोंडात घेतीन का? तूच सांग, तुले तरी आवडते का?"

राजदीपनं खरं ते सांगितलं, नाही आवडत. हर्षाची खीर वेगळ्या गंजात, त्यानंच करून आणायची, तिथंच पंगतीत वाढायची, असं ठरलं.

तो पुन्हा नारळ किसायला बसला. काजू नाही, चारोळी नाही. पातळ दूध, साय काढलेलं, शेवटी घातलेलं. घट्टपणासाठी वाटलेला चिनोर तांदूळ. कुणीतरी सांगितलं, बिनवासाचं खोबरेल मिळतं, खायचं. त्यानं ते चंद्रपूरहून आणलं आणि चमचाभर घातलं, तर खिरीला तुपासारखा मऊपणा आला. थंडीत ते तेल ओठांवर मेणासारखं गोठलं असतं; मे महिन्याच्या उन्हात ती भीती नव्हती. गूळ कढईत जरा करपेपर्यंत तापवला, म्हणजे त्याचा वास पुढे यावा. आदल्या दिवशी त्यानं मला चव दाखवली.

"येते का वास?"

मी खरं सांगितलं. "येते भाऊ. पहिल्यावानी नाई. पण येते."

"अजून काय करू, वहिनी?"

त्यानं करायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. नारळाला नारळाचा वास येणारच.

विहारात पंचशील झालं, वंदना झाली. साक्षीला सुट्टी मिळाली नव्हती. पोरं ओळीनं बसली. मोठ्या गंजातली खीर वाढत आली, तशी राजदीपनं स्वतः येऊन हर्षाच्या द्रोणात तिची खीर वाढली. रंग जरा काळसर, बाकी तशीच. शेजारच्या पोरीनं वाकून पाहिलं. म्हणाली, "तुह्यी वेगळी काऊन आहे?" हर्षा म्हणाली, "माह्या बाबानं केली."

मी समोरच्या बाजूला बायकांत बसले होते. मला दोघंही दिसत होते. हर्षानं द्रोण उचलला. चमचा तोंडाजवळ नेण्याआधी तिची छाती फुगली, मग नाकपुड्या मिटल्या, आणि तिनं गिळलं. मग श्वास सोडला. मग पुन्हा तसंच. एकेक घास, पाण्यात बुडी मारावी तसा. असं करत तिनं द्रोण रिकामा केला आणि बापाकडे पाहून हसली.

राजदीप तिच्याजवळ जाऊन बसला. हनुवटी धरून त्यानं तिचं तोंड उजेडाकडे केलं, ओठ पाहिले, मान पाहिली. कुठे काही उठलं नव्हतं.

पंगत आटोपल्यावर तो विहारामागच्या नळावर छोटा गंज घासत होता. मी माझी भांडी घेऊन गेले.

"श्वास धरून खाल्ली तिनं," तो म्हणाला. वर पाहिलं नाही.

"मंग तुम्ही काय म्हणलं?"

"काय म्हणू? इचारलं, चांगली झाली का? तं म्हणे, हो बाबा, खूप चांगली झाली."

"अन्?"

"मी म्हणलं, बरं झालं."

पाणी वाहत होतं. गंज केव्हाच स्वच्छ झाला होता. आतून पोरांचा गलका येत होता, त्यात हर्षाचाही आवाज होता. कुणाच्या तरी मागे ती पळत होती. राजदीपनं तो आवाज ऐकला, नळ बंद केला, आणि ती धाप टाकते आहे का ते पाहायला ओल्या हातांनीच आत गेला.